गिरणगावातल्या आमच्या बाई आणि गुरुजी, तुमचे आभार

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तेव्हा मी लालबागच्या पालिका शाळेत तिसरीत होतो. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात माझे बाबाही. माझा डबा बंद झाला.

मधल्या सुट्टीत बाई आपला डबा उघडायच्या, "मला एवढं जात नाही रे," म्हणत अर्धी चपाती न् बटाट्याची भाजी माझ्या हातावर ठेवायच्या. रोज! बोटांवरचा खडू चपातीला लागायचा. ती चव अजून जिभेवर आहे.

चौथीला गुरुजी होते. कोकणात, साताऱ्याकडे गावी परतलेल्या पोरांचीही नावं ते हजेरीत पुकारायचे, क्षणभर थांबायचे.

बाई, गुरुजी, मनापासून आभार. तेव्हा म्हणायचं राहून गेलं.