तीन रविवारचे तीन लेख आणि आमचं एकच काउंटर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत लागोपाठ तीन आठवडे ऑनलाइन दुकानाविषयी लेख आले. पहिला गुगलवर वर कसं यायचं याचा, दुसरा वेबसाइट देखणी कशी करायची याचा, तिसरा विक्री दुप्पट कशी करायची याचा. तिन्हींची कात्रणं काढून मी गल्ल्याखाली ठेवली आहेत. एकेकटा वाचला तर कुठलाच लेख चुकीचा नाही. पण तिन्ही सल्ले एकाच दुकानानं एकाच वर्षी ऐकले की काय होतं, ते मी स्वतःच्या पैशानं पाहिलंय. म्हणून हे पत्र. लांबलंय, कात्री लावायचा अधिकार तुमचा.

सांगलीत गणपती पेठेत आमचं हळदीचं दुकान आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचं. हळकुंड, पूड, आणि हंगामात तासगावकडचा बेदाणा. ऑगस्ट 2019 च्या पुरात दुकानात कंबरेच्या वर पाणी होतं. माळ्यावर चढवलेली पोती वाचली, खालची सगळी गेली. आठवड्यानं चिखल उपसताना धाकटा मुलगा म्हणाला, "आई, पेठेत पाणी शिरलं तरी चालू राहील असं एक दुकान पाहिजे." पुढच्या वर्षी लॉकडाऊनमध्ये त्यानं रात्री बसून वेबसाइट केली. दिसायला अगदीच साधी, आमच्या पावतीबुकासारखी. मजकूर मात्र माझा. काउंटरवर बायका जे विचारतात तेच मी लिहीत गेले. राजापुरी आणि सेलममध्ये फरक काय, हळकुंड दळायच्या आधी किती वाळवायचं, लग्नातल्या हळदीला कुठली घ्यायची, कापडाला डाग पडला तर काय करायचं.

त्यातच एक पान पेवाविषयी होतं. हरिपूरला जमिनीत खोदलेली पेवं तुम्हाला माहीत असतील. तोंड अरुंद, आत ऐसपैस. हळद भरून तोंड लिंपून टाकलं की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, हे सासरे प्रत्येक नव्या हमालाला बजावून सांगायचे, तेही मी त्यात घातलं होतं. 2005 च्या पुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं आणि त्यानंतर माल शीतगृहात जायला लागला, तेही. त्या पानावर विकायला एक पैशाची वस्तू नव्हती. हौसेनं लिहिलेलं.

गुगलचं सर्च कन्सोल नावाचं एक फुकट साधन आहे. लोक कुठले शब्द टाकून आपल्याकडे आले, ते त्यात दिसतं. मुलानं शिकवल्यापासून दर सोमवारी उधारीची वही बघून झाली की मी ते उघडते. "हळद पावडर" या शब्दावर आम्ही कुठेच नाही, आणि कधी असणारही नाही. तिथे मोठ्या कंपन्या ठाण मांडून बसल्यात. पण "लग्नासाठी हळकुंड", "हळद घरी कशी दळायची", "पेवातली हळद" असल्या लांबट शब्दांवर लोक थेट आमच्या दारात यायचे. पेवाचं पान वाचायला आलेला माणूस खाली सरकत सरकत किलोभर हळकुंड मागवून जायचा. तुळशीचं लग्न लागलं की हळकुंडाची विचारणा वाढते, हे पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. ते वहीत दिसायच्या आधी मला तिथे दिसायला लागलं. आठवड्याला तीसेक पार्सलं जात होती. घर चालावं एवढं ते नव्हतं, पण पुरात गेलेलं हळूहळू भरून येत होतं.

मग आम्हाला हौस आली. बाहेरगावच्या एका मंडळींकडून वेबसाइट नव्यानं करून घेतली. दिसायला खरंच सुंदर झाली, खोटं कशाला बोलू. उघडली की सगळ्या पडद्यावर हळद उधळल्याचा व्हिडिओ. जेजुरीची आठवण व्हावी असा. भरपूर मोकळी जागा, मधोमध बारीक करड्या अक्षरांत दोन ओळी. माझा मजकूर काढून टाकलेला. "काकू, एवढं वाचतं कोण?" असं विचारलं मला. मालाची नावं आणि भाव सुबक मराठी अक्षरांत होते, पण ती अक्षरं चित्राचा भाग होती. एका पानावर तर छापखान्यातल्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तसाच उचलून टाकलेला. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर "हळद"च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरांत, टंकलेलं असेल तरच ते फोनला आणि गुगललाही मराठी म्हणून कळतं, हे मला आता कळतंय.

सगळ्यात महाग पडली ती दुसरीच गोष्ट. प्रत्येक पानाचा पत्ता बदलला होता आणि जुन्या पत्त्यावरून नव्यावर पाठवणारी पाटी कुणी लावलीच नव्हती. दुकान हलवलं की आपण जुन्या शटरवर "समोरच्या गल्लीत या" असा कागद चिकटवतो की नाही? वेबसाइटवर त्या कागदाला 301 म्हणतात. तो नसला की गिऱ्हाईक जुन्या दारात येतं, तिथे "पान सापडत नाही" असं वाचतं आणि निघून जातं. गुगलही काही दिवस तसंच येऊन बघतं आणि मग तो पत्ता यादीतून काढून टाकतं. पेवाचं पान तर नव्या साइटवर नव्हतंच. दीड महिन्यात तीस पार्सलांची नऊ झाली. लोक फोनवर म्हणायचे, वहिनी, साइट काय झकास केलीय. ऑर्डर मात्र कुणी देत नव्हतं.

घसरण थांबवायला एसईओवाला, म्हणजे साइट गुगलवर वर आणून देतो म्हणणारा, गाठला. त्याची तऱ्हा उलटी. प्रत्येक पानावर दोन हजार शब्द हवेत म्हणाला, आणि "सांगली हळद" हे शब्द जिथे जागा मिळेल तिथे. त्यानं लिहून आणलेलं मी मोठ्यानं वाचून बघितलं, तर आरतीतल्या ध्रुवपदासारखं दर ओळीला "सांगली हळद". माझ्या जाऊबाई हसून लोळायच्या बाकी राहिल्या. त्यातच एक वाक्य होतं, आमची हळद कॅन्सर आणि मधुमेह बरा करते. मी तिथेच पेन खाली ठेवलं. खाण्याच्या पदार्थानं रोग बरा होतो असा दावा करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांत बंदी आहे. दंड कुणाला, त्याला की आमच्या परवान्याला?

त्याच सुमारास डिझाइनवाल्यांनी शोभेसाठी भौगोलिक मानांकनाची, म्हणजे माल अमुक भागातलाच असं सांगणारी, खूण पानावर चिकटवली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मानांकन मिळालं हे खरं आणि त्याचा आम्हाला अभिमानही आहे. पण ती खूण लावायची तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद लागते, ती आमची नव्हती. शिवाय इथल्या सौद्याला येणारी सगळी हळद काही सांगलीच्या मातीतली नसते. कर्नाटकातून, तेलंगणातून, मराठवाड्यातूनही येते. पेठेतल्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट आम्हीच वेबसाइटवर लपवायची, हे मला पटेना. खूण काढली. नोंदीसाठी अर्ज केलाय.

आता तिसरा लेख, विक्री दुप्पट करण्याचा. दिवाळीच्या तोंडावर आम्ही एका जाहिरातवाल्याच्या हातून जाहिरातीवर पैसे टाकले आणि घरपोच मोफत असं लिहिलं. चार दिवसांत एकशे चाळीस ऑर्डरी. आनंद पहिला दिवसभर टिकला. पॅकिंगला आम्ही तिघी, म्हणजे मी, जाऊबाई आणि अर्धा दिवस येणारी एक मुलगी. निम्म्याहून जास्त ऑर्डरी दोनशे ग्रॅमच्या पुडीच्या, त्यातल्या बऱ्याच पार्सल दारात आल्यावर पैसे देणाऱ्या. दोनशे ग्रॅम हळदीला जेवढं सुटतं, त्यापेक्षा जास्त कुरिअरवाला नेतो. जी पार्सलं दारातून परत आली त्यांना जाण्यायेण्याचं दोन्ही भाडं आमच्या अंगावर. त्या दिवाळीत वेबसाइटवर विक्री सगळ्यात जास्त झाली आणि तोटाही. यांनी शांतपणे वहीत लाल शाईनं लिहून ठेवलंय.

माझं म्हणणं एवढंच आहे, संपादक महाशय. शोधात वर येणं, दिसणं आणि वाढणं ही तीन कामं तुम्ही तीन रविवारांत वाटून दिलीत, आम्ही तीन माणसांत वाटून दिली. तिघं एकमेकांशी एकदाही बोलले नाहीत. एकानं मजकूर काढला, दुसऱ्यानं पोतं भरून आणला, तिसऱ्यानं गोदामात माल किती आणि हात किती हे न विचारता गिऱ्हाईक बोलावलं. तिघांचं बिल आलं. मोठ्या कंपनीत या तिघांच्या वर कुणीतरी साहेब असतो. छोट्या दुकानात तो साहेब म्हणजे गल्ल्यावर बसलेलं माणूस, आणि मी तेव्हा "मला त्यातलं काय कळतंय" म्हणून बाजूला बसले होते.

संक्रांतीनंतर मुलगा आठ दिवस रजा टाकून आला. मागच्या खोलीत बसून आम्ही पानं एकेक उघडली. प्रत्येक पानाला मी एकच प्रश्न विचारत होते, ही बाई काउंटरवर उभी असती तर पहिलं काय विचारलं असतं? वर मालाचा एक खरा फोटो, वजन, भाव आणि ऑर्डरचं बटण ठेवलं. त्याखाली माझा जुना मजकूर, पण लहान परिच्छेदांत. म्हणजे डिझाइनवाल्यांची मोकळी जागाही राहिली आणि बोलणंही राहिलं. त्यांचे रंग आम्ही ठेवले, छान आहेत. व्हिडिओ गेला. फोटो हलके केले. मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा अशी गुगलची अपेक्षा असते, आणि ते पान जोखतं ते फोनवरचं. त्यामुळे तपासणी आम्ही एसटी स्टँडवर उभं राहून माझ्या जुन्या फोनवर केली. घरच्या वायफायवर सगळ्यांचंच पळतं. जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्या पत्त्याला 301 लावला. पेवाचं पान परत आणलं, आणि या वेळी शेवटी स्पष्ट लिहिलं की आमची हळद आता पेवात नाही, शीतगृहात असते. अर्धा किलोच्या खाली पार्सल बंद. लांबचं भाडं गिऱ्हाइकाला आधीच दिसतं. आठवड्याला चाळीस पार्सलं नीट बांधून होतात. तेवढ्या ऑर्डरी आल्या की त्या आठवड्याची जाहिरात मी स्वतः थांबवते. मुलगा म्हणतो, कुठलाच दुकानदार असं करत नसेल. नसेल.

परत तीसवर यायला पाच महिने लागले. आता पस्तीस-छत्तीस असतात. परवा नागपूरहून एका आजींचा फोन आला, नातीच्या लग्नाला पाच किलो हळकुंड हवं होतं. पेवाचं पान त्यांनी सुनेकडून वाचून घेतलं होतं. "पेवातली नाही म्हणून तुम्ही स्वतःच लिहिलंय, म्हणून तुमच्याकडून घेते," म्हणाल्या.

शेवटी एक तक्रार, ती आपल्याकडेच. तिसऱ्या लेखाच्या शेजारी, त्याच पानावर चौकटीत जाहिरात होती. "30 दिवसांत गुगलवर पहिला क्रमांक, खात्रीने." पहिल्या क्रमांकाची खात्री कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गुगलनं आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय, आणि फरक दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते वर्ष लागतं असंही ते सांगतात. आमच्या एसईओवाल्याला मी असल्याच एका चौकटीतून शोधलं होतं. लेख छापताना तुम्ही लेखकाला दहा प्रश्न विचारत असाल. शेजारच्या चौकटीला निदान एक विचारा.

आपली,
एक वाचक, गणपती पेठ, सांगली

(कृपया माझं आणि दुकानाचं नाव छापू नये. छापलंत तर यालाही जाहिरात म्हणतील.)