गच्चीवरची हाक

परळ, मुंबई
रविवार, रात्री अकरा

प्रिय मित्रा,

गेले सात महिने मी तुला पत्र लिहिले नाही आणि तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तरही दिले नाही, याची मला मनापासून लाज वाटते. माझी प्रकृती ठीक आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत. मंगळवारी क्लबात एक गोष्ट घडली आणि त्या रात्रीपासून ती तुला सांगितल्यावाचून मला चैन नाही, कारण तुझ्याखेरीज ती दुसऱ्या कोणाला नीट कळणार नाही.

छापखाना सोडून मी हे काय आरंभले आहे, असे तू विचारले होतेस. शाळा सुटल्यापासून आईवडील कामावरून परत येईपर्यंत मुले आमच्या क्लबात असतात. सकाळच्या सत्रातली मुले दुपारी साडेबाराच्या सुमारास येतात आणि शेवटचे मूल घरी जाईपर्यंत कधी साडेसात होतात, कधी लोकल रखडली तर आठही. हे पाळणाघर नाही आणि शिकवणीही नाही. येथे मुले खेळतात आणि काय खेळायचे, कसे खेळायचे, कधी थांबायचे हे त्यांचे ते ठरवतात. अशा ठिकाणी मुलांच्या आसपास राहून खेळाला जागा, वेळ आणि सामान मिळेल हे पाहणाऱ्या माणसाला प्लेवर्कर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द रुळलेला नाही, पण ब्रिटनमध्ये हे रीतसर उमेदवारी करून शिकण्याचे काम आहे. आमच्या ताई तिकडच्या एका आफ्टरस्कूल क्लबात तशाच शिकल्या आणि आता मी त्यांच्या हाताखाली उमेदवारी करतो आहे. पगार छापखान्याच्या निम्मा आहे, हे तुला सांगण्यात संकोच कसला!

पहिला महिना मला केवळ पाहण्याचे काम होते. केळी कापायची, पाण्याचे पिंप भरायचे, अंगण झाडायचे आणि उरलेला वेळ कोपऱ्यात बसून काय दिसले ते वहीत लिहायचे. त्यानंतर सामान जमवण्याचे काम माझ्याकडे आले. खोकी, जुन्या साड्या, दुधाचे क्रेट, सुतळीची बंडले, सायकलचे टायर, दुकानदाराने टाकलेल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, असे ज्याचे काहीही होऊ शकते ते सामान. कोपनहेगनजवळच्या एम्ड्रुप येथे 1943 साली, जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये, नुसत्या टाकाऊ सामानाचे एक क्रीडांगण उभे राहिले होते. आपण बांधून दिलेल्या मैदानांपेक्षा मुलांना पडक्या जागा आणि बांधकामांवरचे सामान अधिक आवडते, हे सोरेन्सन नावाच्या एका उद्यानरचनाकाराच्या लक्षात आले होते. ताईंनी हे सांगितले तेव्हा मला गिरणीच्या मागच्या भिंतीपाशी आपल्याला सापडलेल्या लाकडी बॉबिनी आठवल्या. बाविसातल्या सतरा तू घेतल्यास आणि मला पाच दिल्यास, हे मी विसरलेलो नाही. संपानंतर बंद पडलेल्या गिरणीतल्या त्या बॉबिनींची आपण आगगाडी केली, तोफा केल्या, अण्णांच्या खाटेला चाके लावायचाही बेत केला. ते सगळे आपण कोणालाही न विचारता केले होते.

आता मंगळवारचे सांगतो. क्लबातल्या मुलांची नावे बाहेर न सांगण्याचा आमचा नियम आहे, तेव्हा नावे विचारू नकोस. गोपाळकाला आठवड्यावर आला होता आणि समोरच्या गल्लीत रोज रात्री पथकाचा सराव चालू असल्यामुळे मुलांच्या डोक्यात थरांशिवाय दुसरे काही नव्हते. चौथी ते सहावीतल्या मुलांनी अंगणात तीन गाद्या ओढून आणल्या. आंब्याच्या फांदीला सुतळीने एक प्लास्टिकची बरणी टांगली आणि तिच्यात कुरमुरे भरले. खाली चौघे गुडघ्यांवर बसले, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्यांनी गोल केला. उभे राहायचे नाही, हे त्यांचे त्यांनीच ठरवले होते. त्यांच्या खांद्यांची उंची जेमतेम अडीच फूट असेल. वर एक्का म्हणून दुसरीतली एक मुलगी चढणार होती. एरवी सगळ्या खेळांत कच्चा लिंबू असणारा पहिलीतला मुलगा पाणी उडवण्याच्या कामावर होता आणि “मी आता पिकलो आहे” असे सांगून वर चढायला मागत होता.

मी अंगणाच्या दारात उभा होतो. ती मुलगी एकाच्या पाठीवर गुडघा टेकून वर गेली, तिने दोन्ही पाय दोन खांद्यांवर रोवले, हळूहळू हात सोडले आणि ती सरळ होऊ लागली. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. खाली सगळे गप्प होते. त्या क्षणी माझ्या पोटात जो गोळा आला तो तुला ठाऊक आहे. मी ओरडलो, “अगं, पडशील! उतर खाली!”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि ती पडली.

पडली ती गादीच्या कडेवर, पण मनगट फरशीवर आपटले. क्ष-किरण तपासणीत हाड शाबूत निघाले, मनगट मुरगळले आहे आणि तीन आठवडे पट्टा बांधावा लागेल. संध्याकाळी तिची आई धावत आली. मी मुलीला मांडीवर घेऊन बसलो होतो, म्हणून तिने माझे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी डब्यात शिरा पाठवला. तो शिरा माझ्या घशाखाली उतरला नाही.

अपघाताच्या नोंदवहीत मी लिहिले, “खेळताना तोल जाऊन पडली.” यात खोटे एक अक्षर नाही आणि खरेही एक अक्षर नाही. रात्री माझी वही उघडली आणि पहिल्याच आठवड्यात ताईंनी सांगितलेला एक शब्द समोर आला. मुलांच्या खेळात मोठ्या माणसाने आपली भीती, आपली हौस किंवा आपली शिकवण मिसळली की या कामातली माणसे त्याला भेसळ म्हणतात. इंग्रजीतल्या ‘अडल्टरेशन’ या शब्दाच्या पोटातच ‘अडल्ट’ हा मोठ्या माणसासाठीचा शब्द दडलेला आहे. ब्रिटनमध्ये 2005 साली या कामाची आठ तत्त्वे ठरली. त्यांतले शेवटचे तत्त्व सांगते की प्लेवर्करने मध्ये पडताना धोका एका पारड्यात आणि मुलाची वाढ व हित दुसऱ्या पारड्यात ठेवून पाहावे. मी ते पाठ केले होते, ताईंना म्हणूनही दाखवले होते. मंगळवारी मात्र मी काहीही तोलून पाहिले नाही.

स्वतःची समजूत घालण्याचा प्रयत्न मी केला. चौदा वर्षांखालील मुलांना पथकांच्या थरांत घ्यायला बंदी आहे, मग मी थांबवले यात चुकले काय, असे मी मनाशी दोन दिवस घोकत होतो. पण ती बंदी रस्त्यावरच्या, कित्येक फूट उंच थरांसाठी आहे. गादीवर गुडघे टेकून बसलेल्या चार मुलांच्या खांद्यांसाठी नाही. खेळ सुरू होण्याआधीच ताईंनी येऊन गाद्यांमधल्या फटी बुजवल्या होत्या, फांदी ओढून पाहिली होती आणि काही न बोलता त्या आत गेल्या होत्या. ते पाहणे हेच त्यांचे काम होते आणि त्यांनी ते केले होते.

गुरुवारी मी त्यांना सगळे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. भीती वाटली तर जवळ जायचे, हात पुढे करून उभे राहायचे आणि तोंड बंद ठेवायचे, एवढेच त्या म्हणाल्या. नोंद मी माझ्या हाताने दुरुस्त केली: “मी अचानक ओरडल्यामुळे मुलीचे लक्ष विचलित झाले व ती पडली.” खाली सही केली. तिच्या आईला मात्र मी अजून सांगितलेले नाही. उद्या ती मुलीला न्यायला येईल तेव्हा सांगणार आहे, आणि आताच हात गार पडले आहेत.

पण खरी काळजी वेगळीच आहे. बुधवारपासून ती मुलगी क्रेटवर पाय ठेवण्याआधीसुद्धा माझ्याकडे पाहते. बाकीचीही विचारू लागली आहेत, “दादा, चालेल?” पूर्वी मला कोणी काही विचारत नसे. मी दिसलो की त्यांचा आवाज थोडा खाली येतो. एका हाकेने मी पाच महिन्यांत कमावलेली जागा घालवली, आणि मला सर्वांत भय याचे वाटते की उद्या खरेच हाक मारण्याची वेळ आली तर मी एक तर गप्प राहीन, नाहीतर पुन्हा चुकीच्या क्षणी ओरडेन. माझ्या पोटातल्या गोळ्यावर किती विश्वास ठेवावा, हे या वयात मला नव्याने शिकायचे आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. 1988 च्या संक्रांतीला तू गच्चीच्या कठड्यावर उभा होतास, मी जिन्याच्या दारातून तुझे नाव घेऊन ओरडलो आणि तू आतल्या बाजूला पडलास. उजवा हात मोडला, चौथीची स्कॉलरशिप बुडाली. मी ओरडलो म्हणून तू बाहेरच्या बाजूला न पडता वाचलास, असे सगळ्या चाळीने ठरवले, आक्कांनी मला लाडू दिला आणि गच्चीला कुलूप लागले ते चाळ पडेपर्यंत निघाले नाही. तू मात्र प्लास्टरमधला हात उचलून म्हणाला होतास, “तू ओरडला नसतास तर मी पडलोच नसतो.” त्यावरून आपण किती वेळा भांडलो! तुझ्या लग्नातसुद्धा, पंगतीत, जिलबी वाढणाऱ्याला थांबवून भांडलो. मी दर वेळी म्हणालो की तू कृतघ्न आहेस.

तू खरे सांगत होतास. मंगळवारी त्या मुलीची मान वळताना मी पाहिली आणि मला तुझीच मान दिसली. छत्तीस वर्षांहून अधिक काळ मी तुझ्या मोडलेल्या हातावर शाबासकी घेत आलो. मला क्षमा कर.

तुझ्या लेकीची बारावी नीट पार पडली असेलच. निकाल काय लागला आणि पुढे तिने काय घ्यायचे ठरवले, ते लिही. वहिनींच्या बदलीचे काय झाले? नाशिकला नवे घर लावलेस, वास्तुशांतीला मी येऊ शकलो नाही, त्याबद्दल वहिनींची वेगळी माफी मागेन.

एक गोष्ट मात्र आठवून, अगदी नीट आठवून कळव. मी ओरडलो तेव्हा तुझे पाय कठड्यावर कसे होते, मांजा कोणत्या हातात होता, आणि माझी हाक येण्याआधी तुला आपण पडू असे क्षणभर तरी वाटले होते का? इतक्या वर्षांत भांडलो पुष्कळ, पण हे मी तुला एकदाही विचारले नाही.

तुझा,
गच्चीच्या दारातला