कोकणकड्यावर ड्रोन नेण्याआधी

सिन्नर,
नोव्हेंबरअखेर

प्रिय संज्या,

तुझं पत्र मिळालं, ड्रोनचा फोटोही पाहिला. डिसेंबरात पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड चढायचा आणि कोकणकड्यावरचा सूर्यास्त वरून टिपायचा, हा बेत वाचून मलाच हुरूप आला. तरी एक सांगतो, राग मानू नकोस. वनखात्याची लेखी परवानगी हातात नसेल तर ड्रोन घरीच ठेव. गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. खाली प्रवेशाची पावती फाडली म्हणजे ड्रोनलाही मुभा मिळाली, असं होत नाही.

२५० ग्रॅमच्या आतला आहे, त्याला नियम लागत नाहीत, असं दुकानदार म्हणाला ना? ते अर्धंच खरं. २०२१ च्या ड्रोन नियमांत हा नॅनो गटात बसतो आणि तो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणी मात्र चुकत नाही, आणि डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोन-संकेतस्थळावरच्या नकाशातले हिरवे, पिवळे, लाल पट्टे लहानमोठ्या सगळ्या ड्रोनना सारखेच. शिवाय तो नकाशा फक्त आकाशाचा. तिथे हिरवं दिसलं म्हणून वनखात्याची परवानगी टळत नाही.

आता उंचीचं नीट ऐक, कारण कड्यावर सगळे इथेच फसतात. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत जाता येतं. रिमोटच्या पडद्यावर मात्र आकडा दिसतो तो जिथून उडवलास त्या जागेपासूनचा. समज, ड्रोन तुझ्या डोक्यावर ३० मीटरला आहे. तो कड्याबाहेर सरकला की खाली जमीन कुठे आहे? थेट कोकणात. पडद्यावर ३० च दिसतात, पण जमिनीपासून तो शेकडो मीटर उंच असतो आणि तू नियम कधीच ओलांडलेला असतोस. म्हणून परवानगी मिळाली तरी ड्रोन पठारावरच ठेव आणि कॅमेरा दरीकडे वळव. चित्र तितकंच देखणं येतं.

कड्याच्या खाली तर अजिबात उतरवू नकोस. कोकणकडा सरळ नाही, नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. ड्रोन त्या पोटाखाली गेला की रिमोटचा सिग्नल कातळाआड तुटतो, आणि सिग्नल तुटला की तो आपोआप घरी यायला आधी सरळ वर चढतो. वर काय, तर पुढे आलेला कातळ!

वाऱ्याचंही असंच. कोकणातून वर उसळणारा वारा तिथे इतका जोरकस असतो की खाली टाकलेलं पान परत वर येतं. हिवाळ्यात सकाळी तो बऱ्याचदा उलट, घाटमाथ्याकडून दरीकडे वाहतो. तेव्हा ड्रोन बाहेर अलगद जातो आणि परतताना वाऱ्याशी झुंजत बॅटरी संपवतो. आधी वाऱ्याच्या तोंडावर ने, निम्मी बॅटरी उरली की परत फिरव. उतरवायचा तो कड्यापासून चांगला मागे, कारण धारेलगत वारा भोवऱ्यासारखा फिरतो.

कपारींत आग्या मोहोळं असतात. त्यांच्याजवळ पंख्यांची घरघर गेली तर माश्या पालथं पडून दरी बघणाऱ्या माणसांवर तुटून पडतील, ड्रोनवाला राहील बाजूला. घारी किंवा ससाणा घिरट्या घालताना दिसला तर लगेच खाली घे.

याच कड्यावर कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इंद्रवज्र पाहिलं होतं, धुक्यावर उमटलेलं गोल इंद्रधनुष्य आणि मध्ये स्वतःची सावली. मला वाटतं, पहिल्या खेपेला तरी तू कडा डोळ्यांनीच बघावास.

हात बसवायला इकडे ये. नाशकात देवळालीची छावणी, ओझरचा विमानतळ, म्हणून मी उडवतो तो मळ्यातच, तेही नकाशा बघून. कांदा लागलाय, पण विहिरीकडचं शेत मोकळं आहे. येताना जास्तीच्या बॅटऱ्या आण, आणि वनखात्याला अर्ज कधी देतोयस ते कळव. परवानगी आली तर गडावर मीही येईन.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या