मार्खा खोऱ्यातल्या अनोळखी माणसांचे आभार

लडाखमधला मार्खा खोऱ्याचा ट्रेक आमचा सुखरूप पार पडला. ज्यांच्यामुळे पडला त्यांची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

पहिला नमस्कार त्या घोडेवाल्या दादांना. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढी असलेली नदी दुपारी मांडीला लागते. दादांनी काठीने तळ चाचपला, आईचा हात घट्ट धरला आणि तिला प्रवाहाच्या कलाने, तिरकं, पलीकडे नेलं. पैसे पुढे केले तर नुसते हसले आणि घोड्यांमागे चालू लागले.

हांकरच्या होमस्टेतल्या ताईंनी माझं डोकं दुखतंय हे चेहऱ्यावरूनच ओळखलं. न विचारता लसणाचं गरम सूप आलं, मग स्क्यू, म्हणजे कणकेचे तुकडे घालून शिजवलेला भाज्यांचा लडाखी रस्सा. वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडतो तिथे. बर्फाचं पाणी पाटाने आणून जव पिकवायचं आणि वर पाहुण्याला आग्रह करकरून वाढायचं, याला काय म्हणावं!

कोंगमारू ला ही खिंड 5,000 मीटरच्या वर. चढावर माझी सॅक उचलणारा तरुण, वाटेवर दगडांच्या ढिगांनी खुणा करून ठेवणारे हात, पॅराशूटच्या तंबूत चहा देणाऱ्या आजी, सगळ्यांना जुले, म्हणजे लडाखीत नमस्कार आणि धन्यवाद!

आणि हो, निमालिंगला भेटलेला पुण्याचा ग्रुप. तुमच्या चकल्यांचा प्रवासात भुगा झाला होता, तरी डबा रिकामाच परत केला आम्ही.