मागच्या पडवीतला बाक

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

दादाकडून कानावर येण्याआधी मीच कळवते. मी नोकरी सोडली. हिशेबही मिळाला. आता मागच्या पडवीत बाबांच्या बाकावर निकेल-क्रोमचा मुलामा चढवायच्या आधी पितळी भाग घासून द्यायचं काम करते. फोनवर बाबांनी दोन वाक्यांत विषय संपवला असता, म्हणून हे पत्र.

बाबा, चिडू नका. २०२३च्या जानेवारीत इथे बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात की हाताने करणारे आता उरले नाहीत. दारांची हँडलं, दिव्यांच्या रिंगा घेऊन लोक आजही दांडिया बाजारात आपलं घर विचारत येतात. मी किती जणांना परत पाठवू? पगाराइतकं लगेच मिळणार नाही, पण घर आपलं आहे, माझा खर्च थोडा आहे, शिल्लकही आहे.

काम तुमच्याच पद्धतीने करते. आधी स्क्रू जागेवर बसवायचे, डोकी कानशीने सपाटीला आणायची, खाचा एका रेषेत घ्यायच्या, आणि मग घासायच्या कागदामागे लाकडी ठोकळा धरून सगळं एकत्र घासायचं. स्क्रू काढून घासलं की भोकाभोवती खळगा पडतो. आधी २२० नंबरचा कागद, मग त्याहून बारीक ४००, ६००. दर नंबर आधीच्याला आडवा, जुनी रेघ जाईपर्यंत. काल एक पितळी हँडल ट्यूबलाइटखाली धरलं. उजेडाची रेघ स्क्रूवरून सरळ गेली, भोकापाशी कुठेही वाकली नाही. तुम्ही शेजारी हवे होतात! निकेलचा थर दहा-वीस मायक्रॉनचा, क्रोम तर त्याहून कितीतरी पातळ. त्याखाली ओरखडा लपत नाही, उलट उठून दिसतो. आटेही जरा सैल ठेवते, नाहीतर थर चढल्यावर स्क्रू अडकतो.

धुळीची काळजी करू नका. कागद पाण्यात भिजवूनच घासते, तोंडाला चांगला मास्क असतो. बफची मोटर मी लावणार नाही. शेवटची चमक गोरव्यातल्या कारखान्यात करून घेते, तिथे धूळ खेचणारा पंखा आहे. क्रोमच्या टाकीजवळ तर फिरकतही नाही. तुमचा तो रात्रीचा खोकला मी विसरलेले नाही, बाबा. तुम्ही त्यातूनच आम्हाला शिकवलंत, हेही नाही.

आई, तुझी खोली तशीच आहे. बाथरूममध्ये गीझर बसवला, धरायला दांडाही लावला. तुळशीला रोज पाणी घालते. भाजी खंडेराव मार्केटमधूनच आणते. काळे हात साखर आणि गोडं तेल चोळून धुते, तू बाबांचे धुवायचीस तसे. पुठ्ठ्याला भोकं पाडून प्रत्येक स्क्रू आपापल्या नंबरावर ठेवायचं माझं लहानपणीचं काम आठवतं? तू जेवायला हाका मारायचीस आणि मी उठायचेच नाही. अजूनही पुठ्ठाच वापरते.

आता ऐका. बाबांची फुफ्फुसांची, ती नळीत फुंकायची तपासणी या आठवड्यात झालीच पाहिजे. दादाला सुट्टी घ्यायला सांगितलंय. दादाच्या गॅलरीत बसून नळ-कड्या घासायच्या नाहीत. प्रेशरची गोळी नाश्त्यानंतर लगेच, आणि आई, तू समोर उभी राहून दे. दिवाळीला मी घ्यायला येते. तुम्ही बाकाशेजारी खुर्चीत बसून चुका काढायच्या, हात लावायचा नाही.

आणि बाबा, तुमच्या बारीक कानशीची मूठ सैल झालीय. नवी बसवू की तीच ठोकून घेऊ, ते कळवा.

तुमची,
मनू