झूमचा आकडा छापता, तर बाकीचे आकडे पण छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत सुपरझूम ब्रिज कॅमेऱ्यांची, म्हणजे लेन्स न बदलता एकाच लेन्सने खूप लांबचं जवळ आणणाऱ्या कॅमेऱ्यांची तुलना आली, विषय घेतलात हे फार बरं वाटलं, कारण मोबाईलच्या कॅमेऱ्यांवर रोज काहीतरी छापून येतं पण या कॅमेऱ्यांकडे कोणी बघत नाही. पण त्यातला तक्ता बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. सगळे कॅमेरे झूमच्या आकड्याने लावलेत, १२५ एक्सवाला पहिला, ८३ एक्सवाला दुसरा, आणि २५ एक्स, १६ एक्सवाले पार तळाला, वर शिफारस काय तर खेळ आणि पक्ष्यांसाठी वरचे घ्या. अहो हे उलटं आहे. हा तक्ता बघून कोणी मुलीच्या फुटबॉल मॅचचे फोटो काढायला कॅमेरा घेतला तर पैसे वाया जाणार आणि फोटो पण हलणार.

एक्स म्हणजे लेन्सची सगळ्यात लांबची बाजू भागिले सगळ्यात रुंद बाजू, बस. या बाजू एमएममध्ये (३५ एमएम फिल्मच्या हिशोबाने) सांगतात, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ. सोनी आरएक्स१० मार्क ४ ची लेन्स २४ ते ६०० एमएम, म्हणून २५ एक्स. पॅनासॉनिक एफझेड१००० ची २५ ते ४००, म्हणून १६ एक्स. निकॉन पी९०० ची २४ ते २००० म्हणजे ८३ एक्स, आणि पी१००० तर थेट ३००० एमएमला जातो, म्हणून १२५ एक्स. या आकड्यावरून लांबचं किती जवळ दिसेल ते कळतं, पण फोटो किती स्वच्छ येईल, फोकस पळणाऱ्या माणसावर टिकेल का, एका दमात किती फोटो निघतील यातलं काहीच कळत नाही.

आणि एवढा झूम त्या आकाराच्या कॅमेऱ्यात बसतो कसा हे तर लेखात यायलाच हवं होतं. सेन्सर, म्हणजे उजेड टिपून फोटो बनवणारी आतली चिप, छोटा केला म्हणून बसतो. निकॉनच्या या दोन्हींत १/२.३ इंची सेन्सर आहे, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. सोनी आणि एफझेड१००० मध्ये १ इंची, म्हणजे १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. क्षेत्रफळ चौपट. त्यात अॅपर्चरचा, म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याच्या भोकाचा फरक धरा (एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान), सोनी ६०० ला एफ ४ वर असतो, पी१००० ३००० ला पोचेपर्यंत एफ ८ वर येतो, म्हणजे उजेड पुन्हा चौथाई. लख्ख उन्हात पळणारा माणूस गोठवायला १/१६०० सेकंदाचं शटर लागतं असं धरलं तर एफ ४ ला आयएसओ (उजेड कमी पडला की वाढवायचा आकडा, वाढवला की फोटो खरखरीत होतो) १०० वर काम होतं, एफ ८ ला ४०० लागतो, उन्हात ठीक आहे, पण ढग आले की तोच आयएसओ १६०० च्या पुढे जातो आणि एवढ्या छोट्या सेन्सरवर पक्ष्याच्या पिसांचा चक्क लगदा होतो. शटरचा वेग कमी करून चालत नाही कारण स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, समोरचा खेळाडू नाही. ही गोष्ट इतक्या लोकांना माहीत नसते की मला वाटतं दर कॅमेरा लेखात एकदा तरी ठळक छापावी.

आता बर्स्टचं, म्हणजे बटण दाबून धरलं की धडाधड फोटो निघतात त्याचं. तक्त्यात नुसतं 'सेकंदाला इतके फोटो' असं आहे. पण पहिल्या फोटोला फोकस लॉक करून पुढचे सगळे त्याच फोकसवर काढायचे की दर फोटोला फोकस नव्याने लावायचा यात जमीन अस्मानाचा फरक आहे. कॅनन एसएक्स७० लॉक करून १० काढतो, फोकस चालू ठेवला की ५.७. एफझेड१००० लॉक करून १२, चालू ठेवून ७. सोनी मार्क ४ मात्र फोकस चालू ठेवूनच २४ काढतो, त्याच्यात फेज डिटेक्शन या फोकसच्या पद्धतीचे ३१५ पॉइंट आहेत. त्याच्याच आधीच्या मार्क ३ मध्ये, २०१६ चा तो, लेन्स तीच २४ ते ६०० पण फेज डिटेक्शन नाही, फोकस नुसत्या कॉन्ट्रास्टवर, म्हणजे चित्र किती ठळक दिसतं ते बघून लागतो, म्हणजे झूमच्या तक्त्यात दोघे जुळे भाऊ आणि मैदानावर एकमेकांशी काही संबंध नाही. कॉन्ट्रास्टवर चालणाऱ्या फोकसला समोरची गोष्ट पुढे सरकली का मागे हे थेट कळत नाही, तो लेन्स पुढेमागे करून अंदाज घेतो, आणि कोणी धावत सरळ तुमच्याकडे येत असेल तर त्याचा अंदाज होईपर्यंत माणूस दोन पावलं पुढे आलेला असतो. फेज डिटेक्शनला दिशा आणि अंतर दोन्ही लगेच समजतं. आडव्या पळणाऱ्याला एक वेळ कोणताही कॅमेरा पकडेल, खरी परीक्षा समोरून येणाऱ्याची.

आणि किती फोटोंनंतर थांबतो ते? पी९०० आणि पी१००० सेकंदाला ७ काढतात पण एका दमात सातच, म्हणजे एका सेकंदात खेळ खलास. बगळा उडताना बघितलाय का नीट, आधी तो वाकतो, मग मान पुढे ताणून पाय लोंबकळत ठेवून हवेत येतो, दोनचार फटके पंखांचे झाले की मान मागे घेऊन इंग्रजी एस सारखी दुमडतो आणि पाय सरळ मागे नेतो. तो वाकल्याबरोबर तुम्ही बटण दाबलं तर सातही फोटो पाण्यावरच्या गडबडीचे, आणि पंख पूर्ण उघडून जो सुंदर क्षण येतो तेव्हा कॅमेरा कार्डवर फोटो लिहीत बसलेला. सोनीचा बफर, म्हणजे कार्डवर लिहिण्याआधी फोटो साठवायची जागा, २४९ फोटोंचा आहे. हा आकडा तुमच्या तक्त्यात कुठेच नाही, आणि अॅक्शनसाठी घेणाऱ्याने मी तर म्हणेन सगळ्यात आधी हाच बघावा.

मोठा झूम वाईट असं मी म्हणत नाहीये हं. चंद्राचा फोटो घ्या. ६०० एमएमला चंद्र फ्रेमच्या उंचीचा चौथा हिस्सासुद्धा भरत नाही, २००० ला पाऊण उंची भरतो, आणि ३००० ला तर आडव्या फ्रेममध्ये मावतच नाही, वरखाली कापला जातो. शांत बसलेला लांबचा पक्षी, समुद्रातलं जहाज, अशा गोष्टींना पी९०० ने २०१५ पासून लोकांना जो आनंद दिलाय तो दुसऱ्या कशात नाही. फक्त भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून १००० च्या पुढे झूम केलं की मधली हवाच थरथरते आणि फोटो पाण्याखालून काढल्यासारखा येतो, तिथे कोणत्याच कॅमेऱ्याचा इलाज चालत नाही.

६०० एमएमवाल्या सोनीचा २० मेगापिक्सेल फोटो कडेने कापून १२०० एमएमएवढा जवळचा केला तर ५ मेगापिक्सेल उरतात, आणि सेन्सरचा जो तुकडा उरतो तो जवळजवळ १/२.३ इंची एवढाच असतो. म्हणजे छोट्या सेन्सरवाल्यांच्या तुलनेत १२०० पर्यंत तुम्ही मेगापिक्सेल गमावता, उजेड नाही. स्क्रीनवर बघायला, वर्तमानपत्रात छापायला ५ पुष्कळ झाले. त्याच्या पुढे मात्र कापाकापी परवडत नाही, तिथे लांब लेन्सच हवी.

रोजच्या वापराचं वेगळंच गणित. पी१००० १४१५ ग्रॅम, सोनी १०९५, एफझेड१००० ८३१, एसएक्स७० सहाशेच्या आसपास. गळ्यात दिवसभर घालून फिरायचं तर हा फरक मानेला संध्याकाळी कळतो, जड कॅमेरा घरी राहतो हे सगळ्यांनाच माहितीय. घरातले, कार्यक्रमातले, लहान मुलांचे फोटो ५०-१०० एमएमच्या आतच निघतात, तिथे मोठा सेन्सर आणि रुंद बाजूला मोठं अॅपर्चर कामाला येतं. या हिशोबात मला एफझेड१००० अजून आवडतो, २०१४ चा असला तरी. आणि पॅनासॉनिकचाच एफझेड३०० तुमच्या तक्त्यात घेतलाच नाही याचं फार वाईट वाटलं. सेन्सर छोटा आहे, पण २५ ते ६०० पूर्ण झूममध्ये एफ २.८, वर धूळ आणि पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव, असं दुसरं कोणी दिलंय? हलका पण आहे.

लांब झूमवर उडता पक्षी सापडतच नाही, ही नवीन माणसाची पहिली अडचण, त्याच्यावर पण दोन ओळी हव्या होत्या. कॅनन आणि निकॉनमध्ये एक बटण दाबून धरलं की लेन्स तेवढ्यापुरती मागे येते, पक्षी दिसला की सोडायचं, परत आहे तिथे जाते. ऑलिंपसने तर २०१४ मध्ये एसपी १०० मध्ये नेम धरायला लाल ठिपक्याची साइटच बसवून दिली होती, फार छान कल्पना, बाकीच्यांनी उचलायला हवी होती.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी तक्त्यात सेन्सर, पूर्ण झूमला अॅपर्चर, फोकस चालू ठेवून सेकंदाला किती, एका दमात किती आणि वजन हे रकाने घाला, झूमचा रकाना शेवटी राहू दे. आणि जमलं तर सगळे कॅमेरे एकाच जागी उभे करून समोरून धावत येणाऱ्या एकाच माणसाचे फोटो काढा, आणि त्याच्या चेहऱ्याचा तुकडा तेवढा मोठा करून शेजारी शेजारी छापा.

आपला,
पुरवणीचा नियमित वाचक