खाचेसाठी जादा १२० फूट कशाला?

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहरचना संस्था, कोथरूड, पुणे

विषय : कंपाउंडच्या भिंतीवरील जाळीची दोन कोटेशने

सप्रेम नमस्कार,

नोटीस बोर्डावरची दोन्ही कोटेशने वाचली. दर दोघांचाही रनिंग फुटाला ६५० रुपये, पण एकाची भिंत ८०० फूट आणि दुसऱ्याची ९८०. दुसऱ्याने जागेवर येऊन पाहणी केली म्हणून समितीचा कल त्याच्याकडे आहे, असे कळले. पाहणी केली हे खरे, पण टेप लावली नाही.

म्हणून रविवारी सकाळी मीच लावली. शेजारची सहावीतली मुलगी दुसरे टोक धरायला आली होती. कोपऱ्या-कोपऱ्यावर खडूची खूण करत एकाच दिशेने फिरलो. रस्त्याकडची बाजू १३० फूट, वळणावरचा तिरका तुकडा ५०, पूर्वेची बाजू २३०, मागची ११०, बंगल्यापाशी आत गेलेल्या खाचेच्या दोन भिंती ६० आणि ६०, पश्चिमेची २००. सात बाजू, बेरीज ८४०. अशा वेड्यावाकड्या आकाराच्या परिमितीला सूत्र नसते, बाजू मोजून मिळवायच्या.

पहिल्या ठेकेदाराने भिंत बघितलेलीच नाही. प्लॉट ४०,००० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे पावणेसदतीस गुंठे. त्याचे वर्गमूळ २००, गुणिले चार, झाले ८००. हे फक्त चौरस प्लॉटला चालेल. तेवढ्याच क्षेत्रफळाचा १०० बाय ४०० चा पट्टा असता तर १,००० फूट जाळी लागली असती.

दुसऱ्याचा हिशेब जास्त महागात पडणारा आहे. त्याने प्लॉट १७० बाय २६० चा आयत धरला, परिमिती ८६०, आणि वर खाचेच्या दोन भिंतींचे १२० फूट जोडले. वाचताना पटते, कारण भिंती तर डोळ्यांना दिसतात. पण कोपरा आत गेला की बाहेरच्या दोन भिंती तेवढ्याच आखूड होतात. मागची बाजू १७० ची ११० झाली, पश्चिमेची २६० ची २०० झाली. तेच १२० फूट आत सरकले आहेत, त्यांचे पैसे दोनदा का द्यायचे? (खाच कोपऱ्यात नसून भिंतीच्या मधोमध असती, तर तिच्या खोलीच्या दुप्पट लांबी वाढली असती. आपल्याकडे तसे नाही.) वळणावर तर उलट बचतच आहे : तिथे ३० आणि ४० फुटांच्या दोन भिंतींऐवजी एकच तिरकी ५० ची. ते २० फूट त्याने वजा केलेले नाहीत.

शिवाय दोघेही फाटके विसरले. मोठे २० फुटांचे, छोटे ४ चे. तिथे जाळी लावली तर आपण आत कसे येणार? म्हणजे जाळी ८१६ फूट. पहिला ठेकेदार योगायोगाने जवळ आला, त्याचे श्रेय मी त्याला देणार नाही. दुसऱ्याचे १६४ फूट जादा, म्हणजे १,०६,६०० रुपये.

औदुंबराच्या पाराचेही एक सांगून ठेवतो. पार षटकोनी आहे, सहाही बाजू सारख्या, ६ फुटांच्या. म्हणजे कडेचा ग्रॅनाइट ३६ फूट. दुसऱ्या कोटेशनमध्ये ३८ आहे, कारण त्याने १२ फूट व्यासाचा गोल धरला. दोन फुटांसाठी मी वाद घालणार नाही, पण पार गोल नाही.

वर्क ऑर्डर देण्याआधी समितीतल्या कोणीतरी माझ्याबरोबर एकदा फेरी मारावी. त्यात "प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे, फाटके वजा करून" ही ओळ टाकावी आणि सात बाजूंची मापे बाजूवार जोडावीत. येत्या रविवारी आठ वाजता मी टेप घेऊन फाटकापाशी असेन. खडूच्या खुणा तोवर पुसू नयेत, असे सफाईवाल्या मावशींना सांगितले आहे.

आपला,
बी-विंग, तिसरा मजला